तीन कागद शेजारी ठेवून वाचा

विट्याच्या कोर्टात नुकतीच वकिली सुरू केलेल्या एका मुलानं विचारलं आहे : नव्या फौजदारी कायद्यांवर संसदीय समितीनं जे तीन जाडजूड अहवाल दिले, ते वाचण्यात वेळ घालवावा का? सरकारचं आधीच ठरलेलं होतं, समिती म्हणजे उपचार होता, असं त्याचे सीनियर म्हणतात. शिवाय त्याला जाणून घ्यायचं आहे की असा अहवाल मॅजिस्ट्रेटसमोर काढला तर साहेब ऐकून तरी घेतात का.

सीनियर अर्धे बरोबर आहेत. उपचाराचा भाग त्यात होता. पण सांगली जिल्ह्यातल्या कोर्टांत माझी सत्तावीस वर्षं गेली, आणि १ जुलै २०२४ पासून मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेले कागद कोणते असं विचारलंत, तर बेअर ॲक्टच्या, म्हणजे टीकाटिप्पणीविना छापलेल्या कायद्याच्या मूळ मजकुराच्या, खालोखाल हे अहवालच. वाचण्याची पद्धत मात्र वेगळी हवी. एकटा अहवाल वाचलात तर तासाभरात झोप येईल.

आधी घटनाक्रम पाहा, कारण त्यातच निम्मं उत्तर आहे. तिन्ही विधेयकं ११ ऑगस्ट २०२३ ला लोकसभेत आली आणि आठवड्याभरात गृहखात्याच्या स्थायी समितीकडे गेली. अध्यक्ष होते बृजलाल, उत्तर प्रदेशचे निवृत्त पोलिस महासंचालक. मुदत मिळाली तीन महिन्यांची. नोव्हेंबरमध्ये २४६, २४७ आणि २४८ क्रमांकांचे अहवाल सादर झाले : अनुक्रमे न्याय संहिता (जुन्या दंड संहितेच्या जागी), नागरिक सुरक्षा संहिता (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी) आणि साक्ष्य (पुराव्याच्या कायद्याच्या जागी). सरकारनं १२ डिसेंबरला जुनी विधेयकं मागं घेऊन त्याच दिवशी सुधारलेली मांडली. २० तारखेला लोकसभेत आणि २१ ला राज्यसभेत ती मंजूर झाली, २५ तारखेला राष्ट्रपतींची सही. दुसरा मसुदा सभागृहात आल्यापासून तो कायदा होईपर्यंत दोन आठवडेसुद्धा गेले नाहीत.

तुलनेसाठी १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता बघा. तिचं विधेयक १९७० मध्ये आलं, संयुक्त समितीनं त्यावर १९७२ मध्ये अहवाल दिला आणि कायदा लागू झाला १ एप्रिल १९७४ ला. तेव्हा एका संहितेला लागलेला वेळ आणि आता तिघींना मिळून मिळालेला वेळ शेजारी ठेवला की सीनियर का वैतागतात ते कळतं. पी. चिदंबरम, डेरेक ओब्रायन यांच्यासह काही सदस्यांनी अहवालाला असहमतीच्या टिपा जोडल्या आहेत, आणि घाईची तक्रार त्यांतही आहे.

पण आणखी एक गोष्ट विसरू नका. डिसेंबरमध्ये ही विधेयकं मंजूर होत होती तेव्हा दोन्ही सभागृहांतले मिळून १४० हून जास्त विरोधी खासदार निलंबित होते. चर्चा झाली ती जवळजवळ एका बाजूचीच. उद्या कुणाला पाहायचं असेल की अमुक कलमावर विरोधी बाजूनं काय म्हणणं मांडलं होतं, तर सभागृहाच्या कामकाजात फारसं सापडणार नाही. ते या अहवालांच्या शेवटी जोडलेल्या टिपांत आहे. म्हणून त्या टिपा सोडून पुढं जाऊ नका.

समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, हे तुम्हाला माहीत असेलच. मग वाचायचं कशाला? तर तीन कागद शेजारी ठेवायचे : ऑगस्टचा मसुदा, समितीचं म्हणणं आणि आजचं कलम. प्रत्येक वादग्रस्त तरतुदीत यांतलं काहीतरी एक झालेलं दिसेल. समितीनं सुचवलं आणि सरकारनं मानलं, किंवा सुचवलं आणि सरकारनं सरळ बाजूला ठेवलं, किंवा समितीनं शंका काढली आणि सरकारनं शब्दाला हातच लावला नाही. माझ्या अनुभवात हा शेवटचा प्रकार सगळ्यात कामाचा. समितीनं जिथं बोट ठेवलं आणि कलम तसंच राहिलं, तिथंच आज आमची रोजची भांडणं चालू आहेत.

पण मानलेल्या शिफारशीपासून सुरुवात करू. अपघाताचं कलम घ्या. दंड संहितेतलं जुनं ३०४ अ, निष्काळजीपणानं मृत्यू घडवणं, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. ऑगस्टच्या मसुद्यात ती सात वर्षांवर नेली होती. समितीनं ती जास्त आहे म्हटलं आणि पाच सुचवली. आज न्याय संहितेच्या कलम १०६(१) मध्ये पाच आहे. ही सरळ मानलेली शिफारस.

पोटकलम दोन मात्र नीट वाचा. पहिल्या मसुद्यात कोणत्याही निष्काळजी कृत्यानं मृत्यू झाला आणि माणूस घटनास्थळावरून पळाला *किंवा* त्यानं पोलिसांना कळवलं नाही, तर दहा वर्षं. समितीनं विचारलं, स्वतःविरुद्ध माहिती द्यायला भाग पाडणं संविधानाच्या अनुच्छेद २०(३) मध्ये बसतं का? ही तरतूद ठेवायची की नाही यावर विचार व्हावा, आणि ठेवायचीच असेल तर ती वाहन अपघातांपुरती ठेवावी, असं तिनं सुचवलं. आजच्या कलमात बेदरकार आणि निष्काळजी वाहन चालवण्याचाच उल्लेख आहे, आणि 'किंवा' गेला आहे : पोलिसांना वा मॅजिस्ट्रेटला न कळवता पळून जाणं, असा एकच जोड प्रकार उरला आहे. एका 'किंवा'ची किंमत आपल्या भागात कुणाला सांगायला नको. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की रात्री बिनदिव्याच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. मागून मोटारसायकल धडकते, गाव गोळा होतं, आणि ड्रायव्हर मार खाण्याच्या भीतीनं उसात शिरतो. पहाटे तोच माणूस स्वतः पोलिस ठाण्यात हजर होतो. पहिल्या मसुद्याप्रमाणं तो जागेवरून हलला तेव्हाच गुन्हा पुरा झाला असता. दुसऱ्याप्रमाणं 'कळवलं का आणि कधी' हा प्रश्न जिवंत राहतो. अर्थात जानेवारी २०२४ मधल्या ट्रकचालकांच्या संपानंतर हे पोटकलम बाजूला ठेवलं गेलं, आणि १ जुलैला बाकी सगळं लागू झालं तेव्हाही ते वगळलं होतं. समितीनं ज्यावर आधी विचार करा म्हटलं होतं तेच नेमकं अडकलं, हा योगायोग मला वाटत नाही.

बेड्यांचं तसंच. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३(३) मध्ये कोणत्या आरोपीला बेड्या घालता येतील याची यादी आहे. ऑगस्टच्या यादीत आर्थिक गुन्हेही होते. समितीनं ते काढायला सांगितलं, कारण या शब्दाखाली किरकोळपासून गंभीरपर्यंत काहीही येतं. सरकारनं काढले. आपल्याकडं याचा अर्थ काय ते बघा. ऊसतोडीचे मुकादम वाहनमालकाकडून लाखांनी उचल घेतात आणि टोळी घेऊन येतच नाहीत. फसवणुकीच्या फिर्यादींत असे खटले किती असतात ते तुम्ही विट्यात बसून पाहताच. द्राक्षाचा माल उचलून नाहीसा होणारा व्यापारी तासगावकरांना नवा नाही. अशा आरोपीला बेड्या घालून बाजारातून फिरवावं असं फिर्यादीला मनातून वाटतं, त्यात त्याची चूक नाही; वर्षाची कमाई गेलेली असते. पण कायद्यानं आता ते करता येत नाही.

इथं एक फट आहे, ती लक्षात ठेवा. यादीत संघटित गुन्हा कायम आहे, आणि न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये संघटित गुन्ह्याच्या व्याख्येतच आर्थिक गुन्हा बसवला आहे. त्यामुळं पुढच्या दारानं काढलेली गोष्ट मागच्या दारानं येऊ शकते. मुकादमावर आधीची दोषारोपपत्रं असतील आणि पोलिसांनी १११ लावलं, तर बेड्यांचा प्रश्न परत उभा राहतो. तेव्हा समितीच्या परिच्छेदावर बोट ठेवून सांगता येतं की आर्थिक गुन्ह्यांना बेड्यांतून वगळणं हा जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय होता, १११ लावताना टोळी आणि गेल्या दहा वर्षांतली एकाहून जास्त दोषारोपपत्रं खरोखर आहेत का ते आधी बघा.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८७. पोलिस कोठडी.

प्रक्रिया संहितेच्या जुन्या १६७ खाली, १९९२ च्या अनुपम कुलकर्णी निकालापासून, आम्ही सगळे एक गोष्ट डोळे मिटून सांगायचो : पीसीआर (पोलिस कोठडी) पहिल्या पंधरा दिवसांतच, त्यानंतर फक्त एमसीआर (न्यायालयीन कोठडी). सर्वोच्च न्यायालयानं ७ ऑगस्ट २०२३ ला, सेंथिल बालाजी प्रकरणात, या नियमाचा मोठ्या पीठानं पुन्हा विचार करावा असं म्हटलं. चारच दिवसांनी विधेयक आलं आणि त्यात पंधरा दिवसांची कोठडी सलग किंवा तुकड्यातुकड्यांत, तपासासाठी अटकेत ठेवण्याची एकूण मुदत साठ दिवसांची असेल तर पहिल्या चाळीस आणि नव्वदची असेल तर पहिल्या साठ दिवसांत कधीही, अशी तरतूद होती. शिवाय पंधरा दिवसांनंतरची स्थानबद्धता 'पोलिस कोठडीव्यतिरिक्त' असेल, हे जुन्या कलमातले शब्द नव्या पोटकलम तीनमधून गळाले.

समितीनं इथं काय म्हटलं ते तुम्ही स्वतः वाचा, मी मथितार्थ सांगते. या तरतुदीचा गैरवापर होऊ शकतो ही चिंता तिच्यासमोर मांडली गेली. कारण पहिल्या पंधरा दिवसांत कोठडी का घेतली नाही, आरोपीच्या वागण्यामुळं की तपास अधिकाऱ्याच्या हाताबाहेरच्या परिस्थितीमुळं, हे कलमात कुठंच येत नाही. म्हणून अर्थ स्पष्ट होईल अशी दुरुस्ती करावी, असं समितीनं सुचवलं. अशी दुरुस्ती झाली नाही.

संहिता लागू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत मी एका तालुका कोर्टात फजिती करून घेतली. आरोपीला अटक होऊन बावीस दिवस झाले होते, चार दिवस पीसीआर आधी झाला होता, आणि पोलिसांनी आणखी तीन दिवस मागितले. मी सवयीनं उठून म्हटलं, पंधरा दिवस संपले, आता पीसीआर नाही. साहेबांनी शांतपणं नवं कलम माझ्यापुढं सरकवलं. सत्तावीस वर्षं तोंडात बसलेलं वाक्य एका दिवसात जात नाही. त्या रात्री अहवालाचा तो परिच्छेद काढला, आणि पुढच्या वेळी मुद्दा बदलला. पंधरा दिवस संपले हे म्हणणंच सोडून दिलं. विचारलं ते एवढंच : रिमांड रिपोर्टमध्ये हे का लिहिलेलं नाही की हीच विचारपूस पहिल्या पंधरा दिवसांत का झाली नाही? आरोपी दवाखान्यात होता का? पळून गेला होता का? नंतर नवा मुद्देमाल निष्पन्न झाला का? यांतलं काहीच नसेल तर तुकड्यातुकड्यांची कोठडी म्हणजे आरोपीच्या डोक्यावर टांगलेली तलवार. संसदेच्या समितीला नेमकी हीच काळजी वाटली होती, हे मी परिच्छेद वाचून दाखवून सांगितलं. तीन मागितले होते, एक दिवस मिळाला. तुम्हाला फार मोठा विजय वाटणार नाही, पण ज्याच्या घरची माणसं बाहेर पायरीवर बसलेली असतात त्याला दोन दिवसांचा फरक कळतो.

याच्या जोडीला दोन आधार कायम जवळ ठेवा. एक १८७(२) मध्येच आहे : आरोपी जामिनावर सुटलेला नाही ना, हे मॅजिस्ट्रेटनं बघायचं आहे. दुसरा त्याच संहितेतल्या जामिनाच्या कलमात, ४८० च्या परंतुकात. पहिल्या पंधरा दिवसांनंतर पोलिस कोठडीची गरज लागू शकते एवढ्याच कारणावर जामीन नाकारता येणार नाही, असं तिथं स्पष्ट लिहिलं आहे. 'अजून पीसीआरचे दिवस शिल्लक आहेत' म्हणून जामिनाला विरोध होतो तेव्हा बरेच जण हे परंतुक वाचूनच दाखवत नाहीत. तुम्ही दाखवा.

समितीनं खरोखर चांगलं काम कुठं केलं असं विचारलंत तर मी वेडसरपणाच्या बचावाकडं बोट दाखवीन. पहिल्या मसुद्यात 'मानसिक आजार' असा शब्द घातला होता. ऐकायला आधुनिक. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही येतात. म्हणजे स्वतःहून ढोसून कोयता चालवणाऱ्यालाही बचावाचं दार किलकिलं झालं असतं. समितीनं 'अनसाउंड माइंड' हा जुना शब्दच परत आणायला सांगितलं. आज न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये तो आहे.

याउलट, व्यभिचार पुन्हा गुन्हा करावा, फक्त तो स्त्रीपुरुष दोघांना सारखा लागू असावा, ही शिफारस सरकारनं मानली नाही. बरं झालं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्यभिचाराचं जुनं कलम ४९७ रद्द केलं ते केवळ भेदभावामुळं नव्हतं. पण त्याच अहवालात अनैसर्गिक संभोगाच्या जुन्या कलम ३७७ चा संमतीविना कृत्यांपुरता उरलेला भाग ठेवावा अशीही शिफारस होती, तीही गेली, आणि ती जायला नको होती. आज सज्ञान पुरुषावर किंवा तृतीयपंथी व्यक्तीवर जबरदस्ती झाली, तर बलात्काराच्या कलमात ती बसत नाही. दुखापत, डांबून ठेवणं, धमकी अशी किरकोळ कलमं जोडून फिर्याद उभी करावी लागते. मिरजेला शिकायला आलेल्या एका मुलाच्या वडिलांना हे समजावून सांगताना माझ्याकडं नीट शब्द नव्हते. जनावरांवरच्या अत्याचाराचंही तेच, तोही त्याच कलमाबरोबर गेला.

विधेयकांची नावं हिंदीत का, यावर समितीत बराच वाद झाला. मूळ मजकूर इंग्रजीत आहे म्हणून अनुच्छेद ३४८ चा भंग होत नाही, असं समितीनं म्हटलं. कोर्टात तुम्हाला याचा काडीचा उपयोग नाही, पुढं चला. सामाजिक सेवेची शिक्षा म्हणजे नेमकं काय हे सांगा, ही सूचना मानून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३ ला स्पष्टीकरण जोडलं गेलं, पण करायचं कुठं, देखरेख कुणाची, हे त्यात नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या ताब्याची साखळी जपली जावी असंही समितीनं म्हटलं होतं, आणि आज त्याच संहितेच्या कलम १९३ प्रमाणं दोषारोपपत्रात इलेक्ट्रॉनिक उपकरण कुणाकुणाच्या ताब्यात होतं याचा क्रम द्यावा लागतो. मोबाईल जप्त झालेल्या प्रत्येक खटल्यात दोषारोपपत्र हातात पडलं की पहिल्यांदा हा क्रम शोधा. नसेल तर उलटतपासाची सुरुवात तिथून करा.

जाता जाता एक गंमत, समितीशी तिचा थेट संबंध नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) प्रमाणं सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचं आहे. राज्यानं ते पाच वर्षांच्या आत लागू करायचं आहे. न्याय संहितेत फसवणुकीच्या ३१८(४) ला सात वर्षं आहेत. म्हणजे द्राक्षाचे पैसे बुडाले की तज्ज्ञांचं पथक घटनास्थळी. कुठल्या? बागेत, अडत्याच्या गाळ्यावर, की व्यापाऱ्याच्या फोनमध्ये? एवढी साधी गोष्ट कुणीतरी विचारायला हवी होती. तीन महिन्यांत काय काय सुटतं त्याचा हा नमुना.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. अहवाल कोर्टात चालतो का? चालतो. २०१८ मध्ये कल्पना मेहता खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठासमोर हाच प्रश्न होता. मूळ वाद गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लसीच्या चाचण्यांचा होता. कायद्याचा शब्द संदिग्ध असेल तेव्हा अर्थ लावायला समितीच्या अहवालाची मदत घेता येते आणि न्यायालय त्याची न्यायिक दखल घेऊ शकतं, असं तिथं ठरलं. पण अहवाल चूक आहे म्हणून त्याला आव्हान देता येत नाही, समितीला जाब विचारता येत नाही. न्यायिक दखलीचं कलम जुन्या कायद्यात ५७ होतं, आता साक्ष्य अधिनियमात ५२.

'संदिग्ध असेल तेव्हा' हे शब्द मात्र अधोरेखित करा. कलमाचा अर्थ स्वच्छ असताना अहवाल काढलात तर साहेब बोर्डाकडं, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांच्या यादीकडं, बघायला लागतात, आणि रिमांडच्या वेळी बोर्ड किती असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. एक पान, एक परिच्छेद, त्यावर खूण, आणि कल्पना मेहताचा संबंधित भाग मागं जोडलेला. यापेक्षा जास्त तालुका कोर्टात चालत नाही. सविस्तर मांडणी उच्च न्यायालयासाठी ठेवा. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू असल्यानं त्यासाठी मुंबईची रात्रीची गाडीही पकडावी लागत नाही.

आणि कामाला लागण्याआधी एक खड्डा चुकवा, मी त्यात पडले आहे. अहवालांतले कलम क्रमांक ऑगस्टच्या मसुद्याचे आहेत. त्यातलं १०४ म्हणजे आजचं १०६, तिथलं १०१ म्हणजे आजचं १०३. नागरिक सुरक्षा संहितेत १८७ आणि ४३ नशिबानं जागेवरच राहिले, पण न्याय संहितेत आकडे सरकले आहेत. अहवालाच्या समासात पेन्सिलनं आजचे क्रमांक लिहून घ्या, मगच वाचायला बसा. नाहीतर भर कोर्टात तुम्ही अपघाताचा परिच्छेद वाचत असाल आणि समोरचे एपीपी (सहायक सरकारी वकील) भलतंच कलम उघडून बसलेले असतील.